डबल बेल

आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळे बाहेरगावचा कोणी पाहुणा आमच्या मास्तरांशी बोलायला बसला, की थोड्या वेळाने अदबीने विचारतो, "कोणता विषय शिकवायचात तुम्ही?" मास्तर बशीतला चहा संपवतात, मिशी पुसतात आणि सांगतात, "पिक्चर."

यात खोटं काही नाही. मालवण स्टँडाजवळच्या टपरीवर गेली बारा-तेरा वर्षं, म्हणजे रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, त्यांचा हाच वर्ग भरतो. कुठला पिक्चर बघावा आणि कुठल्यासाठी पेट्रोल जाळू नये, ते तिथे ठरतं. पेट्रोलचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला धड पडद्यावर पिक्चर बघायचा तर कुडाळ-कणकवली गाठावी लागते, नाहीतर सरळ पणजी. मुंबईकराचे पिक्चर पडला तर तिकिटाचे पैसे जातात. आमचा दिवस जातो, आणि शेवटची गाडी चुकली तर रात्रही. म्हणून आधी मास्तरांना विचारायचं.

मास्तर तारेबिरे देत नाहीत. दहापैकी साडेसहा म्हटलं की त्यांचं डोकंच फिरतं. "अर्धो मार्क म्हणजे काय? अर्धो माणूस गाडयेत बसता?" त्यांची मोजपट्टी खात्यातलीच. सगळ्यात वाईट पिक्चर म्हणजे 'घाटात उतरलंय'. पुढची गाडी मिळो न मिळो, जंगलात उतरेन, पण ह्यात बसणार नाही. त्याच्यावर 'उभ्यान', म्हणजे पोचलो, पण पायांचे खांब झाले. मग 'हाफ', मग 'फुल'. आणि ज्याच्यापुढे बोलणं नाही तो 'डबल बेल'. एक घंटा वाजली की गाडी थांबते आणि दोन वाजल्या की सुटते, हे आमच्याकडे पोर चालायच्या आधी शिकतं. डबल बेल जाहीर करताना मास्तर चमच्याने ग्लासावर ठण ठण करतात आणि टपरीवाला न विचारता हजर असलेल्या सगळ्यांना चहा टाकतो. पैसे मास्तरांचे. त्यामुळे डबल बेल वर्षातून दोनदाच होते.

अपवाद फक्त रजनीकांतचा. तो पूर्वी बंगळूरला बसमध्ये कंडक्टर होता आणि मूळचा गायकवाड, ही माहिती मास्तर नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत देतात. त्याचा पिक्चर न बघताच डबल बेल. "खात्यातलो माणूस. तपासणी कित्याक करूची?"

मार्च २०२३ मध्ये सरकारने बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं आणि ही बसवलेली घडी जरा विस्कटली. मास्तरांनी एका पिक्चरला 'हाफ' म्हटलं आणि वहिनी मागच्या दारी बांगडे साफ करता करता म्हणाल्या, "तुमचो हाफ म्हणजे आमचो फुल. मिया बघतलंय." आणि जाऊन बघून आल्या. वहिनींचं परीक्षण नेहमी एका शब्दात असतं, 'रडवल्यान' किंवा 'उगीच'. मास्तर पाऊण तास बोलून जिथे पोचतात, तिथे वहिनी आधीच पदराला हात पुसत उभ्या असतात.

मास्तरांचं हे शिक्षण झालं कोल्हापुरात. मालवण-कोल्हापूर गाडी, रात्रीचा मुक्काम तिकडे. बाकीचे कंडक्टर कॅशचा हिशेब जुळवून रेस्टरूममध्ये आडवे व्हायचे. मास्तर हिशेब जुळवायचे आणि 'उमा', 'पद्मा' नाहीतर 'उर्वशी'चा शेवटचा खेळ गाठायचे. झोप अशी त्यांनी नोकरीभर घेतली नाही; फोंडाघाटाच्या वळणावळणावर ती हप्त्याहप्त्याने वसूल केली. रोज पाहिलेल्या पिक्चरची नोंद जुन्या वेबिलांच्या पाठकोऱ्या बाजूला. तो गठ्ठा अजून घरी आहे, सुतळीने बांधलेला, देवाच्या फळीखाली. तारीख, पिक्चर, थेटर, तिकीट, शेरा. १९९१च्या 'माहेरची साडी'समोर शेरा आहे, 'फुल. परतीक सगळी गाडी रडत होती. सुट्टे मागूक धीर झालो नाय.'

मास्तरांबरोबर त्या गाडीवर वीस वर्षं असलेले ड्रायव्हरही आता रिटायर आहेत आणि त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसतात. दोघांनी मिळून हजारभर पिक्चर बघितले असतील, पण एकच पिक्चर दोघांनी बघितला असं म्हणता येणार नाही. ड्रायव्हर फक्त गाड्या बघतात. नायक-नायिका दुरावली, आई गेली, देश स्वतंत्र झाला, ह्यांचं आपलं, "इतक्या येळात गियर एकदाच बदलल्यान!" गाडी चालवताना नायिकेकडे बघून बोलणारा नायक त्यांना खुनी माणसापेक्षा वाईट वाटतो. "शिरगावच्या वळणार अशी मान फिरव मेल्या, मगे बघ." दोघांची भांडणं ऐकायला आम्ही मुद्दाम लवकर येतो.

२०१५ साली निशिकांत कामतचा हिंदी 'दृश्यम' आला, तेव्हा मास्तर आठवडाभर जमिनीवर नव्हते. गोव्याची गोष्ट, नायक केबलवाला, शाळा चौथीत सुटलेली, असेल नसेल ते शहाणपण पिक्चर बघून आलेलं. इथेच मास्तर पाघळले होते. त्यात पोलीस कोणाकोणाची जबानी घेतात, तर बसच्या कंडक्टरची! हे कुटुंब माझ्या गाडीत होतं, असं तो सांगतो आणि तपास तिथे अडतो. मास्तरांनी टपरीवर उभं राहून तो प्रसंग तीन वेळा करून दाखवला. मग एकदम गंभीर झाले. "पण ह्या खोटा असा. कंडक्टराक तोंड लक्षात रवणा नाय. दिवसाक तीनशे माणूस. कंडक्टराक दोनच माणसा आठावतत. एक, सुट्टे देणारो. तो देवमाणूस. आणि दुसरो, जेचे पैसे तिकिटाच्या मागे लिवन दिलेले आणि देवचे रवले तो." थोडा वेळ थांबून हळूच म्हणाले, "तो तर मरापर्यंत आठावता." त्या पिक्चरला फुल तिकीट मिळालं. डबल बेल थोडक्यात हुकली, ती त्या कंडक्टरच्या स्मरणशक्तीमुळे.

शेवट न सांगता पिक्चर सांगणं मास्तरांना जमत नाही. त्यांना मात्र आपण तो कधीच सांगत नाही असं मनापासून वाटतं. "शेवट मिया सांगणंय नाय. तू बघ जावन. फक्त इतक्या ध्यानात ठेव, तो काको असा ना, तेच्यावर इश्वास ठेव नको." पुढचे अडीच तास त्या काकाकडेच बघण्यात जातात.

पणजीला २००४ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, तिथेही एकदा ते पास काढून गेले होते. कुठल्याशा थंड देशाचा पिक्चर, एक म्हातारा, एक खिडकी, बाहेर बर्फ. परत आल्यावर टपरीवर सगळे ताटकळत बसलेले. मास्तर म्हणाले, "नॉनस्टॉप गाडी. खंय थांबणा नाय, आणि खंय जाता ताव कळणा नाय." ही थट्टा म्हणून आम्ही हसलो. पण नंतर वेबिल बघितलं तर तिथे 'फुल' लिहिलं होतं आणि शेऱ्यात, 'म्हाताऱ्याचे हात खरे.'

'श्वास'समोर मात्र तिकीटच नाही. २००४चा संदीप सावंतांचा पिक्चर. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते ह्याला. कोकणातला आजोबा नातवाला शहरात डॉक्टरकडे नेतो आणि नातवाचे डोळे काढावे लागणार असं कळतं, इतकीच गोष्ट. मास्तरांनी समोर लिहिलंय 'पास'. मी विचारलं, ही कुठली नवी पायरी काढलीत? ते बराच वेळ चमचा फिरवत बसले. साखर केव्हाच विरघळली होती. "अशी माणसा गाडयेत व्हती रे. कोल्हापुराक डोळे दाखवूक, बांबोळेक छाती दाखवूक. पोरग्याक खिडकीकडे बसवतत. येताना कोण खिडकीकडे बसणा नाय." आणि लगेच टपरीवाल्यावर ओरडले, चहा पाण्यासारखा झालाय म्हणून.

तर असा हा चोख हिशेबाचा माणूस २०२४ सालापासून एकाएकी तिरसट झाला. जो पिक्चर बघावा तो 'उभ्यान'. 'मुंज्या'वर त्यांचा निकाल आला, "भूत धड दाखवूकच नाय. नुसतो आवाज." आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण बाकी सगळ्यांना तो मुंज्या चांगला डोळे भरून दिसला होता. शिवाय मुंजा इतका बडबडत नाही, हा वेगळा आक्षेप. भुतांच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं आणि गिऱ्हो, देवचार, खवीस ह्यांच्या सवयी पिक्चरवाल्यांनी आम्हाला विचारून घ्याव्यात अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे. मग सप्टेंबरात 'तुंबाड' परत लागला. त्यातला पाऊस खऱ्या पावसाळ्यांत, वर्षानुवर्षं थांबून टिपलेला. मास्तर म्हणाले, "पावसाक डबल बेल. आवाज आमच्या कौलांवरचो. पण पिक्चर काळोखात." २०२५चा 'छावा' झाला, तिथेही काळोख. "हल्लीचे कॅमेरामन लाइटबिल वाचवतत काय?" ड्रायव्हरांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुजोरा दिला. आता काळोखात गाडी कोण कशी चालवतो ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी १२ सप्टेंबरला 'दशावतार' लागला. आमच्याच जिल्ह्यात चित्रित झालेला, सुबोध खानोलकरांचा. चाकरमानी गणपतीहून परत गेलेले, त्यामुळे गावात पहिला निकाल द्यायचा मान मास्तरांचाच. दशावतार ही तर त्यांची मूळ शाळा. जत्रेत रात्रभर बसून लहानाचे मोठे झालेले. आडदशावतारातला संकासूर कोणाचा चांगला, आख्यानात राजाची एंट्री कोणी कशी घेतली, पहाटे दहीकाल्यापर्यंत गळा कोणाचा टिकला, ह्यावर त्यांनी पिक्चरांच्याही आधीपासून मतं दिलीत. दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री झालेत, म्हातारा दशावतारी, नजर अधू होत चाललेली आणि रंगमंच सुटत नाही. सगळी टपरी वाट बघत बसली होती. मास्तर आले, बसले, म्हणाले, "हाफ."

असा सन्नाटा वादळाच्या बावट्यालाही पडत नाही.

"प्रभावळकर बरो. गळो बरो. पण रानातला, रातचा सगळा काळोखात. तोंडावरचो रंग दिसाक नाय. दशावतारी, आणि रंग दिसाक नाय?" मुंबईहून पुतण्यांचे फोन आले, दादरला म्हणे लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. मास्तर फोनवर ओरडले, "तुमका दशावताराचा काय कळता? तुम्ही पयल्या पारीक निजतास!"

पण हाफ दिल्यापासून त्यांना चैन नव्हतं. आपण चुकून कमी तिकीट तर फाडलं नाही ना, म्हणून वहिनींना घेऊन परत गेले. येताना वहिनी म्हणाल्या, "रडवल्यान. आणि तो मुकुट किती चकचकीत!" मास्तर थबकले. "खंयचो मुकुट?"

तिसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरने विचारलं, इतके दिवस काही जाणवलं नाही? मास्तरांनी खरं ते सांगितलं, "माका वाटला, कॅमेरामन बदललो."

दिवाळीनंतर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्यावर काळा चष्मा अशा थाटात मास्तर टपरीवर आले ते वेबिलांचा गठ्ठा घेऊनच. सुतळी सोडली. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, कोण विचारायला येणार होतं? पण ह्यांनी २०२४पासूनचे सगळे पिक्चर नातवाच्या मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर एकेक करून परत बघायला घेतले. मुंज्या दिसला. "बराच दिसता रे. उगीच घाबरवलंय लोकांका." वेबिलावर खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, हा खात्याचा नियम. दोन महिन्यांत चौदा रेघा झाल्या, चौदा सह्या. प्रत्येक रेघेला साक्षीदार म्हणून ड्रायव्हरांची सही घेतली जात होती.

शेवटी 'दशावतार' राहिला. तो त्यांनी घरी बघितला. वहिनींनी त्या संध्याकाळी भजनाला जायचं रद्द केलं आणि नातवाला ताकीद दिली, की आजोबा मध्ये बोलले तरी पिक्चर थांबवायचा नाही. सकाळी टपरीवर सगळे वेळेआधी हजर. मास्तर बसले, चष्मा पुसला आणि 'हाफ'वर हळूच रेघ मारली. बाजूला बारीक अक्षरात काही लिहिलं आणि काही न बोलता ग्लासावर चमच्याने ठण ठण केलं. टपरीवाल्याने आधण ठेवलं. मास्तरांनी वेबिल ड्रायव्हरांपुढे सरकवलं.

ड्रायव्हरांनी चष्मा लावून ते आधी वरून खाली वाचलं, मग परत खालून वर. पेन बंद करून मास्तरांच्या खिशाला लावलं.

"मिया सही करणंय नाय," ते म्हणाले. "अख्ख्या पिक्चरात ड्रायव्हराक काय कामच नाय."