टुकारपणाचा दर्जा खालावल्याबाबत

प्रति,
समस्त पांचट हिंदी विनोदपटांचे निर्माते व दिग्दर्शक,
मुक्काम अंधेरी.

विषय : आपल्या मालात भेसळ होत असल्याची तक्रार.

महोदय,

मी आपलं जुनं गिऱ्हाईक. चांगले सिनेमे बघायला घरात बाकीची माणसं आहेत. मी भिकार सिनेमे बघतो, तेही दोस्तमंडळी जमवून, भेळ कालवून. तेव्हा हक्काने लिहितो.

१९९८ सालचा कांती शाहांचा ‘गुंडा’ आठवा. खलनायकांची नावं बुल्ला, पोते, लंबू आटा, इबू हटेला. एकेक गुंड पुढे येतो आणि यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो. यमक जुळण्यासाठी अर्थ आणि अब्रू दोन्हींवर पाणी सोडायची त्याची तयारी असते. मुकेश ऋषी, हरीश पटेल, आपले मोहन जोशी... सगळे कसलेले नट, पण ‘हे काय चाललंय’ असा भाव एकाच्याही चेहऱ्यावर नाही. नायक मिथुन, म्हणजे रामकृष्ण परमहंसांच्या भूमिकेसाठी ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेच. बरं, हा विनोदपट नव्हेच, चांगली रक्तबंबाळ सूडकथा आहे! (त्यातले बायकांवरच्या अत्याचाराचे प्रसंग मी पुढे पळवतो. ते ओंगळ आहेत आणि त्यांत हसण्यासारखं काही नाही.) पुढे आयआयटीच्या वसतिगृहांत या सिनेमाची पारायणं झाली, ती या गंभीर चेहऱ्यांपायी.

आता तुमचा माल बघू. २०१३च्या ‘ग्रँड मस्ती’त कॉलेजच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून शिवी केलेली आहे. ती आम्हाला कळणार नाही अशी धास्ती वाटते की काय, कोण जाणे. विनोद झाला की ‘टुंईं’ असा आवाज, मग नटाचे विस्फारलेले डोळे, मग दुसऱ्या नटाचे. तुम्हीच इतकं हसून घेता की आम्हाला काही उरत नाही. सिनेमाने शंभर कोटी कमावले, हे मान्य. पण सोमवारी त्यातला एक तरी संवाद कोणाला आठवला का?

वर दादा कोंडक्यांचं नाव घेता. नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांसाठी गिनीज बुकात गेलेला तो माणूस. त्यांच्या संवादाला खरोखरच दोन अर्थ असत. सेन्सॉरने हटकलं की साधा अर्थ पुढे करून दादा नामानिराळे. तुमच्या द्वयर्थी संवादाला एकच अर्थ असतो, आणि तोही पोस्टरवर छापलेला.

ठरवून केलेला वाईट सिनेमा नुसताच वाईट होतो, महोदय. म्हणून नम्र विनंती : पुढच्या खेपेला विनोदी काही करू नका. एखादी हृदयद्रावक कौटुंबिक शोकांतिका काढा, जीव ओतून काढा. हसायचं आमचं आम्ही बघू.

आपला,
शेवटच्या रांगेतला एक प्रेक्षक