पॉइंटराव

आदिलाबादच्या मार्केटात ज्यांनी कधी कापसाची बंडी उभी केली, त्यांना पॉइंटराव ठाऊक आहेत. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर आहे आणि तिथंच बरं आहे. जिनिंगवाल्यांचे ग्रेडर म्हणून त्यांची हयात गेली. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस उपसायचा, चिमटीत धरून दोन अंगठ्यांनी धागा ओढून बघायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडं न बघता म्हणायचं, "दोन पॉइंट ओल आहे." ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढं टक्क्याटक्क्यानं कापायचा, बाराच्या वर गेला की बंडी वापस. पुढं ओलावा मोजायचं मशीन आलं. ते आपल्याशी सहमत व्हायला थोडा वेळ घ्यायचं, असं पॉइंटरावांचं म्हणणं.

निवृत्त झाले आणि बोटांना काम उरलं नाही. या वयात माणसं वारीला तरी लागतात नाहीतर शेअरला. पॉइंटराव कॉमिक्सला लागले. साल २०१४. जूनमध्ये तेलंगण झालं होतं, गावात चहाच्या प्रत्येक टपरीवर नव्या राज्यात कुणाला काय मिळणार याची चर्चा, आणि ऑगस्टात हे पेपर हातात घेऊन फिरतायत: अमेरिकेत १९३८ साली दहा सेंटांना विकलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा उडाला (खरं तर नुसती उडी मारली, उडणं नंतरचं), तो ३२ लाख डॉलरला गेला. "का गेला?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "ग्रेड. दहापैकी नऊ."

सुपरमॅन कोण, हे त्यांनी नंतर मुलाकडून समजून घेतलं.

हा मनुष्य आता गावोगाव आढळतो. पुण्यात त्याच्याकडं जुनी घड्याळं असतात, नागपुरात नाणी, कोल्हापुरात बहुतेक फटफट्या. खूण एकच: वस्तू दाखवण्याआधी तो तुम्हाला किंमत सांगतो, आणि किंमत नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तूची असते. पॉइंटरावांकडं बसलात की चहा यायच्या आत निकोलस केजचा अंक येतोच. त्या नटाच्या घरातून २००० साली 'ॲक्शन'चा पहिला अंक चोरीला गेला, २०११ मध्ये एका भाड्याच्या गोदामात सापडला आणि त्याच वर्षी २१ लाख डॉलरच्या वर विकला गेला. "चोरानं अकरा वर्षं सांभाळला, बघा. एक घडी पडू दिली नाही," असं म्हणताना पॉइंटरावांच्या आवाजात जी माया येते ती त्यांच्या जावयाच्या वाट्याला कधी आलेली नाही.

फ्लोरिडात सीजीसी नावाची कंपनी आहे. २००० सालापासून तिचा धंदा हाच. कॉमिक पाठवायचं. तिथले जाणकार पानं मोजतात, पिना बघतात, पाठीवरच्या बारीक सुरकुत्या बघतात, कागद पांढरा राहिलाय की पिवळटलाय ते लिहितात आणि अर्ध्यापासून दहापर्यंत आकडा देतात. मग ते कॉमिक कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद. वाचायचं तर डबी फोडावी लागते, आणि डबी फुटली की आकडा गेला. हे ऐकून माझ्या भाच्यानं विचारलं, "मग गोष्ट कशी वाचायची?" बारा टक्क्यांच्या वरच्या कापसाकडं बघायचे, तसं पॉइंटरावांनी त्याच्याकडं बघितलं.

या मापात 'गुड' म्हणजे दोन, 'व्हेरी गुड' म्हणजे चार आणि 'फाइन' म्हणजे सहा. भरीत खाऊन पॉइंटराव "व्हेरी गुड" म्हणाले तेव्हा संसारात पहिल्यांदाच कौतुक झालं म्हणून काकू आठवडाभर खुशीत होत्या. मग मुलानं त्यांना तक्ता दाखवला. लेबलांचीही तीच तऱ्हा. नुसत्या आकड्याचं निळं. कोपरा चिकटवलेला, रंग भरलेला, म्हणजे दुरुस्ती केलेला अंक असेल तर जांभळं, आणि जांभळं लागलं की भाव पडला. पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांच्या मिशा काळ्याभोर होत्या. पॉइंटराव माझ्या कानात म्हणून जे बोलले ते ओसरीपर्यंत गेलं: "जांभळं." सोयरीक जुळली, कारण पाहुण्यांना अर्थ कळला नाही. पण माणूस प्रामाणिक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात नवं भिंग बसलं, तेव्हा त्यांनी स्वतःलाही जांभळं लेबल लावून घेतलं.

त्यांच्या कपाटात मात्र सुपरमॅन नाही. तिथं आहे वेताळ. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढली. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याचा, किंमत साठ पैसे. पहिले ३२ अंक नुसत्या वेताळाचे, मग मांड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा आपला देशी बहादूर आला, आणि १९९० मध्ये आठशेच्या वर अंक काढून दुकान बंद झालं. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांच्या कुंचल्याची. ती हातात धरली की छपाई किती ढोबळ आणि चित्र किती जिवंत, दोन्ही एकदम दिसतं. मराठीतही ही निघायची, आणि पैनगंगेच्या अलीकडं राहून मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना राज्य बदललं तरी वेताळ बदलला नाही. १९५६ मध्ये किनवट, राजुरा तिकडं गेले, आदिलाबाद इकडं राहिलं. वेताळाचं डेंकालीचं जंगल दोघांनाही सारखंच लांब.

खालच्या कप्प्यात 'चांदोबा'. इथं पॉइंटराव महाराष्ट्रातल्या कुठल्याही संग्राहकाच्या वरचढ ठरतात. 'चंदामामा' मुळात तेलुगू आणि तमिळ, जुलै १९४७ चं. मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये आला. आदिलाबादच्या एकाच गल्लीत एका घरी हा आणि दुसऱ्या घरी तो येत असे. पॉइंटरावांनी जोड्या लावल्यात. तेच चित्र, शंकर यांनी काढलेला तोच विक्रम, हातात तलवार, खांद्यावर तेच प्रेत. एकीकडं तेलुगू अक्षरांची गोल वळणं, दुसरीकडं आपली शिरोरेघ. खरं सांगतो, दोन्ही अंक शेजारी मांडलेले बघून मीसुद्धा गप्प झालो. पॉइंटराव म्हणाले, "डावा साडेतीन. उजव्याला हळदीचं बोट लागलंय. अडीच."

हे कपाट म्हणजे काकूंचं गोदरेज. साड्या पत्र्याच्या पेटीत गेल्या. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या गावभरातून जमा केलेल्या, त्या कप्प्याकप्प्यात पेरलेल्या. आधी अंक साडीच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवायचे आणि मागं लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावायचे. मग कळलं की ते प्लॅस्टिक शाईला चिकटतं आणि तो पुठ्ठा आम्ल सोडून कागद पिवळा करतो. तेव्हापासून ते लग्नपत्रिका घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच विचारतात, "पुठ्ठा कसला आहे?" पाहुण्यानं कपाटापाशी जायचं तर हात धुऊन, कोरडे करून, चिवड्याची वाटी ओसरीवर ठेवून. अंक उघडायचा तो अर्धाच.

पण आकडे? आकडे काही केल्या वर जात नाहीत. आदिलाबादचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, पावसाळा दमट, आणि हिवाळा अख्ख्या तेलंगणात सगळ्यात कडक. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद यात लवकर पिवळा पडतो. कसर, वाळवी आहेच. पिनांना गंज चढतो आणि गंजाचा तांबूस डाग पानोपान उतरतो. याहून मोठा शत्रू म्हणजे भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय. तिथं दहा-बारा अंक एकत्र घेऊन बाइंडरकडं द्यायचे. तो मुखपृष्ठं फाडून, जाड सुईनं शिवून, तिन्ही बाजू कापून, खाकी पुठ्ठ्यात बांधून द्यायचा. पोरांनी कितीही ओढाताण केली तरी टिकावं म्हणून. असा एक गठ्ठा पॉइंटरावांना निर्मलहून मिळाला. आत पहिल्या दोन वर्षांतले अकरा अंक, प्रत्येकावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, वेताळाच्या तोंडावर कुणीतरी बॉलपेननं चष्मा काढलेला. गठ्ठा मांडीवर घेऊन ते दुपारभर बसून होते. काकूंनी शेजारणीला बोलावून आणलं, कुणी गेलं की काय म्हणून.

आता खरी गोम. जुन्या कॉमिकला भाव का? चांगलं असतं म्हणून नव्हे, उरलं नाही म्हणून. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या आणि पोरांनी देशभक्तीच्या भरात ट्रकच्या ट्रक कॉमिक्स लगद्याला दिली. जी राहिली ती आयांनी माळे झाडताना टाकली. २०२५ च्या नोव्हेंबरात 'सुपरमॅन'चा १९३९ चा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. कॅलिफोर्नियात तीन भावांना तो वारलेल्या आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली सापडला होता. रुपयांत ऐंशी कोटींच्या घरात. पॉइंटरावांनी त्याचा लगेच कापूस केला: आठ हजारांच्या भावानं लाख क्विंटल. "आणि ओल शून्य," ते म्हणाले. त्या आईनं टाकला नाही म्हणून भावांना पैसे मिळाले हे खरं, पण लाखो आयांनी टाकले म्हणून एवढे मिळाले. या धंद्यातला खरा भांडवलदार रद्दीवाला आहे.

पॉइंटरावांना हे पक्कं उमजलेलं आहे, आणि त्यानं त्यांची फार ओढाताण होते. सकाळी गल्लीत "पात इनप सामान कोंटांऽऽ" असा रद्दीवाल्याचा भोंगा आला की ते चप्पल न घालता धावतात. गाडीवरचे गठ्ठे सोडून बघतात. काही सापडलं तर घेतातच. पण नाही सापडलं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते रद्दीवाल्यालाही कोड्यात टाकतं. "साब, आपको होना या नै होना?" त्यानं एकदा विचारलं. पॉइंटरावांनी उत्तर दिलं नाही.

सीजीसी ज्या अंकांना आकडे देते त्यांची शिरगणतीही ठेवते, कुठल्या अंकाच्या किती प्रती, कुठल्या दर्जाच्या. पॉइंटरावांनी जिल्ह्यापुरती तशी वही केली आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदार खतावणीला वापरतात ती. अंक, गाव, ज्ञात प्रती, आकडा. इच्चोड्याला कुणाकडं मांड्रेक निघाला की पॉइंटरावांचा मांड्रेक वहीत एकटा राहत नाही, आणि त्या रात्री ते जेवत नाहीत. कुणाचं जुनं घर पाडायला काढलं, कुणाच्या घरी वाळवी लागली, की विचारपूस करायला पहिले हे. माणुसकी म्हणून जातात, असं गाव समजतं.

विकायचं म्हणाल तर आजवर एकही अंक त्यांनी विकलेला नाही. व्हॉट्सॲपवर पुण्याचे, हैदराबादचे लोक विचारतात, हे फोटो पाठवतात, समोरचा आकडा सांगतो, आणि पॉइंटराव लिहितात, "ओल धरून सांगा." लिलाव व्हायला दोन गिऱ्हाइकं लागतात. ते बोली वाढवतात ती स्वतःशीच.

मागच्या पावसाळ्याआधी बेल्याहून निरोप आला. एक जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधणार होते, माळ्यावर "चित्राची पुस्तकं" निघाली होती. स्कूटरवर मागं मी. आजी ओसरीवर गाठोडं सोडूनच बसल्या होत्या.

"पोराईची हायेत बाप्पा. नगानं नेता का किलोनं?"

पॉइंटरावांनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, रुमालाला पुसले, मग रुमाल पसरून त्यावर एकेक अंक ठेवायला लागले. चांदोबा, चांदोबा, पानं सुटलेला बहादूर. आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पहिल्या वर्षाचा वेताळ. त्यांच्या लाल वहीत या अंकासमोर 'ज्ञात प्रती: १' असं होतं, आणि ती एक त्यांची, आकडा तीन. त्यांनी अंगठा पाठीवरून फिरवला. पिना चकचकीत. कोपरे उभे. मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो, ते हलले, "साडेसहा." मग घसा साफ करून मोठ्यानं म्हणाले, "आजी, दोन पॉइंट ओल आहे."

आजींनी मान वर केली. चष्मा नाकावर सरकवला. "तुमी त मार्केटातले पॉइंटराव नाही का? आमच्या घरच्याची बंडी वापस केलती तुमी."

पुढचा सौदा मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की किलोचा विषय तिथंच संपला, नगाचा भाव आजींनी बोलायला सुरुवात केली आणि पॉइंटरावांच्या बंडीच्या खिशातली घडी केलेली नोट, मग पाकिटातल्या, मग माझ्याकडच्या उसन्या, अशा क्रमानं नोटा ओसरीवर आल्या. आजींनी त्या थुंकी लावून मोजल्या. आठ टक्क्यांच्या आत आहेत का, असंही एकदा विचारलं.

आम्ही उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून एक गाठोडं हाय ना. असंच. त्यात ह्योच वेताळ दोन-तीन असन. पोरं दोघंबी आपापला घेत, भांडणं नको म्हणून. दाखवू का?"

पॉइंटराव पायरीवर थांबले. पिशवीतल्या साडेसहाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग घराच्या मागच्या बाजूनं धूर येतोय का ते बघितलं.

"आजी," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही चूल पेटवायला काय वापरता?"

"गॅस आला की आता," आजी म्हणाल्या, आणि गाठोडं आणायला आत गेल्या.