दाजींची सरासरी

आमच्या दाजींना गाडी कुठून कुठं किती वेळात पोचली हे चार लोकांना सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी भाचीला लातूरहून आणायचं होतं. नीटच्या शिकवणीसाठी ती तिथं असते. आमच्या नांदेडच्या गल्लीतली निम्मी पोरं सध्या तिथंच असतात.

नांदेड ते लातूर हिशेबाच्या सोयीसाठी 144 किलोमीटर धरू. पहाटे निघालो. लोहा, माळाकोळी झोपेतच मागं पडली, अहमदपुरात टपरीवाले नुकते स्टोव्ह पेटवत होते. दोन तासांत लातूर. "ताशी 72!" दाजींनी ही घोषणा गंजगोलाईत उतरून केली. तिथं सोळा रस्ते मिळतात, त्यामुळं बातमी सोळाही दिशांना गेली असणार.

परतीला भाची, तिची गादी, बादली आणि पुस्तकांची खोकी. चाकूरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस रस्त्यावर लोंबलेला, आणि टेपचा आवाज एवढा की आमचा हॉर्न त्या गाण्याला साथ देतोय असंच वाटावं. शिरूर ताजबंदला चहा, अहमदपूरला पंक्चर. चार तास गेले.

"असू द्या," दाजी म्हणाले. "जाताना 72, येताना 36. सरासरी 54 पडली."

"48, पप्पा," मागून खोक्यांमधून आवाज आला.

"54! बेरीज करून दोननं भाग."

"वेगाला नाही भागायचं. 288 किलोमीटर, सहा तास. 36 नं तुम्ही दुप्पट वेळ चाललात, मग सरासरी तिकडंच कलणार ना?"

"कशाला भांडलालाव बापलेक?" मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

"बरं, मग 72 ची सरासरी राखायला सकाळी किती हाणायला पाहिजे होती?"

"72 नं 288 ला चारच तास मिळतात. ते सगळे येतानाच संपले."

म्हणजे नांदेडात दार लावलं की त्याच क्षणी ते गंजगोलाईत उघडायला हवं होतं. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बायपासनं गेलो असतो तर?"

रेल्वेनं जावं म्हणाल, तर ती परभणी-परळीचा वळसा घेऊन लातूर रोडला येते, आणि लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे. त्यापेक्षा उसाची ट्रॉली बरी.