चौदावी सीट

धंद्यासाठी जरा भारीतली, मध्यम आकाराची व्हॅन घ्यायची असेल, तर शोरूमआधी सीएकडे जावं. गाडीत किती माणसं बसणार हे आपल्याकडे तोच ठरवतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चालकासह दहा किंवा जास्त माणसांच्या गाडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. सात सीटांची किया कार्निव्हल मात्र ४० टक्क्यांत. मोठ्या गाडीतून नऊ जण निघाले तर सरकारच्या लेखी ती चैन. दहावा धावत येऊन चढला, की सगळे एकदम गरजू.

खरी मेख पुढे आहे. माणसं नेण्यासाठी घेतलेल्या गाडीत चालकासह तेरापर्यंत सीट असतील, तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. प्रवासी वाहतुकीचाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी. पण नटबोल्ट बनवणाऱ्याला ही सवलत नाही. चौदा झाल्या की वाट मोकळी. करापूर्वी ३० लाखांची गाडी धरा. १८ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार होतात. एवढी रक्कम त्या चौदाव्या सीटवर ऐसपैस बसलेली असते. माणूस मात्र तिथे बसत नाही, लॅपटॉपच्या बॅगा बसतात.

तर सीएने आकडा दिला, आता शेठ गाडी बघायला निघतात. या आकारात नजर बहुधा फोर्सच्या अर्बानियावर जाते. कंपनी आपल्या आकुर्डीची, पूर्वीची बजाज टेम्पो. तिच्याच मॅटाडोरमध्ये गुडघे हनुवटीला टेकवून वऱ्हाडात गेलेल्या पिढीला अर्बानियात पाऊल टाकताना गहिवरून येतं, आणि ते रास्त आहे. गाडी खरंच चांगली आहे. पण शेठ बसतात कुठे? पुढून पहिल्या ओळीत, खिडकीशी. डोक्यावरचा एसीचा झरोका फिरवतात, मोबाइल चार्जिंगला लावून बघतात, सीट मागे रेलते का ते पाहतात. “वा!” झाली परीक्षा.

शेठ, उठा. सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसा आणि तळेगाव–चाकण रस्त्यावर एक फेरी मारून या. मागच्या चाकाने खड्डा घेतला की मणक्यांची हजेरी लागते. तुमचा ज्युनिअर इंजिनिअर रोज तिथेच बसणार आहे. शिवाय सगळ्या सीट भरून विमानतळावर जायचं ठरलं, तर प्रत्येकाची ट्रॉली बॅग कुठे ठेवायची, हेही सेल्समनला विचारा. तो हसून म्हणेल, “सर, एवढे लोक एकदम थोडेच जातात!” मग चौदावी सीट कुणासाठी, असं विचारू नका, बिचाऱ्याला सीएचा पत्ता माहीत नसतो.

आता उंची. ही जात साधारण अडीच मीटर उंच. आणि ऑफिसच्या, हॉटेलच्या बेसमेंटच्या तोंडाशी साखळीला टांगलेला काळा-पिवळा दांडा असतो, त्यावर लिहिलेलं असतं २.१ मीटर. सव्वा-दीड कोटीची वाटावी अशी सजवलेली गाडी त्या दांड्यापुढे थांबते, वॉचमन शिट्टी फुंकतो आणि परदेशी पाहुण्यांना फुटपाथवर, वडापावच्या गाडीशेजारी उतरवलं जातं. गाडी बुक करायच्या आधी मोजपट्टी घेऊन बेसमेंटला जाणारा खरेदीदार मला अजून भेटायचाय.

पासिंगचंही तसंच. “आमचीच माणसं आम्हीच नेणार, भाडं घेत नाही, मग पांढरी पाटी पुरे,” असं शेठ ठणकावतात. मोटार वाहन कायद्यात चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी गाडी मालकाने आपल्या धंद्याच्या माणसांसाठी वापरली, तर फुकट नेलं तरी ती ‘खासगी सेवा वाहन’ ठरते. ते परिवहन वाहनांतच मोडतं. परवाना आला, फिटनेस आला. हा भाग शोरूममध्ये कॉफीबरोबर सांगत नाहीत.

ड्रायव्हरला मात्र कुणीच विचारत नाही. वळणाला आरशात काय दिसतं, घाटात ब्रेक कसा लागतो, हे त्यालाच कळतं. त्याला शोरूमला नेलंच, तर तो बाहेर उभा, शेठच्या चपलांची पिशवी सांभाळत. डिलिव्हरीच्या दिवशी हातात पेढा आणि किल्ली एकदमच पडते.

गाडी येते. शेठ अजून फॉर्च्युनरनेच फिरतात. अर्बानिया दर महिन्याला शिर्डी, सुट्टीत महाबळेश्वर आणि गणपतीत सगळं खानदान घेऊन कणकवली करते. डिझेलची बिलं व्यवस्थित कंपनीच्या नावावर फाटतात, लॉगबुकात ‘व्हेंडर व्हिजिट’ लिहिलं जातं. आणि ते अगदीच खोटं नसतं म्हणे. मेहुण्याचं पॅकिंगच्या खोक्यांचं दुकान आहे.