विसावं पोर

सहावी, सातवी आणि आठवी मिळून एकोणीस मुलं असलेल्या शाळेत या वर्गांना शिक्षक किती हवेत? सरकारी उत्तर आहे शून्य. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याच्या, शासन निर्णयाने ते देऊन ठेवलं आहे. पट विसाच्या खाली गेला की सहावी ते आठवीला शिक्षक मंजूर नाही. पद रिक्त असतं तर निदान कुणाची तरी वाट बघता आली असती. इथे पदच नाही. मुलं आहेत, बाकं आहेत, फळा आहे, घंटा आहे, घंटेला टोलही आहे. तो टोल कुणी मारायचा ते एकोणीस जणांनी आपसांत ठरवावं.

त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर सध्या सर्वांत मौल्यवान चीज म्हणजे विसावं पोर. हापूसचा भाव मे संपता संपता उतरतो, सुरमईचाही कधीतरी उतरतो. विसाव्या पोराचा चढताच आहे. पहिल्या पोरापासून एकोणिसाव्यापर्यंत सगळी पोरं शिक्षकाच्या हिशेबात फुकट. विसावं दारातून आत आलं की सगळी एकदम जिवंत होतात, त्यांना गणित लागतं, विज्ञान लागतं, इंग्रजीसुद्धा लागतं. त्या पोराला ताप आला तर गाव हळहळतं. त्याचे वडील कामासाठी गोव्याला जायचं म्हणाले तर सरपंच घरी जाऊन समजूत काढतात.

किनाऱ्यावरची अशी एखादी शाळा घ्यावी. नाव नको, कारण कुठलंही चालेल. शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरते, चहा येतो, आणि विषय क्रमांक एक म्हणून विसावं पोर चर्चेला येतं. कुणाचा नातू विरारला आहे, कुणाची भाची नालासोपाऱ्याला. ती गणपतीला येतात, आरत्या म्हणतात, मोदक खातात, पण विसर्जनानंतर एकही मागे राहत नाही. कुणी सुचवतं की कोष्ट्याच्या सुनेला विचारून बघू, तिचं धाकटं अजून अंगणवाडीत आहे, म्हणजे सहा-सात वर्षं धीर धरायचा. कोपऱ्यातून एक आजोबा म्हणतात, “गुरुजींनू, इसावा पोर आता खंयसून हाडूचा? सरकाराक सांगा, दिवाळेनंतर ये आणि मोज.”

आजोबांना शासन निर्णय वाचता येत नाही, पण त्यातली गोम तेवढी त्यांनाच कळली आहे. संचमान्यतेसाठी पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. कोकणात 30 सप्टेंबरला काय असतं? पाऊस पुरता गेलेला नसतो. चिरेखाणी पाण्याने भरलेल्या असतात, त्यामुळे तिथे राबणारी कर्नाटकातली कुटुंबं अजून आपल्या गावीच असतात. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी अजून नेपाळातच असतात. चाकरमान्यांची पोरं गणपती करून परत गेलेली असतात. म्हणजे विसावं पोर जिल्ह्यात नसण्याचा बरोबर मुहूर्त शोधून त्या दिवशी मोजणी होते. दसरा-दिवाळी उलटली की खाणी सुरू होतात, बागांत खोपी उठतात, आणि तिथली पोरं दप्तराशिवाय शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहतात. कानडी बोलणारं एक, नेपाळी बोलणारं एक. एकोणिसाची एकवीस होतात. पण तोवर संचमान्यतेचा तक्ता बंद झालेला असतो. मे-जूनमध्ये ही कुटुंबं परततात, पुन्हा सप्टेंबर येतो, पुन्हा एकोणीस. ज्या पोरांना शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, कारण त्यांना अजून मराठीही धड येत नाही, ती पोरं शाळेत असतात आणि तक्त्यात नसतात. पुण्या-मुंबईच्या शाळांना 30 सप्टेंबर आणि 30 नोव्हेंबर यांत फरक पडत नसेल. इथे त्या दोन महिन्यांत एक शिक्षक पडतो.

नशिबाने विसावं पोर सप्टेंबरात सापडलंच, तरी घाईने पेढे वाटू नयेत. पोर असून भागत नाही. त्याचं आधार ‘व्हॅलिड’ लागतं. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधार कार्डावर दुसरं, जन्मतारखेत दिवस आणि महिना एकमेकांच्या जागी, असं असलं की पोर्टलच्या दृष्टीने ते मूल जन्मलेलंच नाही. ते रोज साडेदहाला हजर असतं, पाढे म्हणतं, भांडतं, पडतं, गुडघा फोडून घेतं. पण अस्तित्वात नसतं. आधार केंद्राला जायचं तर मालवण गाठायचं, आई-बापाने एक खाडा करायचा, रांगेत उभं राहायचं आणि सर्व्हर बंद आहे हे ऐकून शेवटच्या एसटीने परतायचं. एका वेलांटीपायी मराठी शाळेतला मराठीचा शिक्षक जातो.

आता तांदळाकडे वळू. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम तांदूळ मिळतो. एकोणीस मुलांचा झाला 2 किलो 850 ग्रॅम. इथे विसाची अट नाही. तांदूळ एकेका पोटाला मोजून मिळतो, पुस्तकं एकेका पोराला मोजून मिळतात. एक पोर असलं तरी त्याचा भात शिजतो, आणि शिजायलाच हवा. मग शिक्षकच तेवढा घाऊक का? एकोणीस जण एकत्र जेवू शकतात पण एकत्र शिकू शकत नाहीत, असा काही शोध लागला असेल तर तो छापून आणावा, कोकणातले पालक वाचतील.

कायदा तर वेगळंच सांगतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा यांना प्रत्येकी किमान एक, असं लिहिलं आहे. किमान विसाची अट त्यात नाही. पहिली ते पाचवीला तर साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्या दोघांचंही मग काय झालं बघा. 5 सप्टेंबर 2024 ला निर्णय निघाला की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोघांपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना पंधरा हजारांचा. तारीख पुन्हा वाचावी. शिक्षकदिन. सकाळी गुलाबाचं फूल, संध्याकाळी कंत्राट. अठरा दिवसांनी विसाचे दहा झाले, आणि पुढे तेही मागे घेतलं. एवढ्या काळात मुलं तीच, शाळा तीच, पाऊसही तोच. बदलत होता तो आकडा, आणि त्या आकड्याबरोबर डी.एड. होऊन घरी बसलेल्या पोरांचा जीव खाली-वर होत होता.

यावर शहाणी माणसं विचारतात, मग शाळा एकत्र का करत नाही? 2023 मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले होते. दोन्ही ठिकाणं डोंगरातली. डोंगराला वळसा घालायला निदान गाडी लागते. खाडीला होडी लागते. नकाशा टेबलावर पसरून पट्टी लावली की देवबाग आणि भोगवे यांच्यात काही अंतरच दिसत नाही, मध्ये फक्त कर्लीचं मुख. त्या मुखात जुलै महिन्यात होडी घालून बघावी. रस्त्याने जायचं तर मालवणला येऊन, नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडून, परुळ्याकडून खाली उतरायचं. तळाशीलची तीच कथा, सर्जेकोट समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, आणि गाडीरस्ता मात्र भलतीकडून. कायद्याच्या नियमांत सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा म्हटलंय. पट्टीने मोजलं की सगळं तीन किलोमीटरच्या आत बसतं. बारा वर्षांच्या मुलीला दप्तर पाठीला लावून पट्टीवरून चालता येत नाही, ही तिची चूक.

आणि पट कमी का झाला, याबद्दल गावाला दोष देणाऱ्यांचं तर कौतुकच करायला हवं. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 ला 8,49,651 झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढला. माणसं कुठे गेली ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत गेली, गिरण्या बंद पडल्यावर वसई-विरारच्या चाळींत गेली, गोव्यातल्या हॉटेलांत गेली. इथे पोट भरेना म्हणून माणसं गेली. माणसं गेली म्हणून पोरं कमी झाली. पोरं कमी म्हणून शिक्षक नाही. आणि शिक्षक नाही म्हटल्यावर जी दोन घरं कशीबशी टिकून होती तीही जून महिन्यात बिऱ्हाड बांधून मालवणला खोली घेतात. पुढच्या वर्षी पट एकोणिसाचा सतरा होतो, आणि तक्ता भरणारा म्हणतो, बघा, आम्ही सांगत होतो ना! असली भविष्यवाणी खरी करायला ज्योतिषी लागत नाही. वर दहावीचा निकाल लागला की बॅनर लागतात. कोकण विभाग 2024 ला 99.01 टक्क्यांनी पहिला, 2025 ला 98.82 टक्क्यांनी पुन्हा पहिला. अभिमान वाटून घ्यायला सगळे हजर. या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्क्यांतली पोरं एकेकाळी कुठल्या तरी वाडीच्या अठरा-वीस पटाच्या शाळेत मुळाक्षरं गिरवून गेली, हे बॅनरवर मावत नाही.

मतदानाच्या दिवशी मात्र याच शाळेचं नशीब उघडतं. वर्ग झाडून घेतात, वीज नसेल तर येते, रॅम्प दुरुस्त होतो. केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, शिपाई, पोलीस अशी निम्मी पलटण आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येते. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये, असा दंडक आहे. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेजला तर एका मतदारासाठी केंद्र लावतात, आणि त्याचे फोटो दर निवडणुकीला कौतुकाने छापून येतात. तिथे कुणी म्हणालं नाही की एकोणीस मतदार आणखी आणा, मग यंत्र पाठवतो.

शेवटी सभेत ठराव झाला: पट 30 सप्टेंबरऐवजी 15 जानेवारीचा धरावा, म्हणजे खाणीतली आणि बागेतली पोरं मोजली जातील. ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, सह्या झाल्या, आजोबांचा अंगठाही झाला. तालुक्याला नेऊन दिला तेव्हा कळलं की अशी निवेदनं कागदावर घेत नाहीत, शाळेच्या लॉगिनमधून भरायची असतात. लॉगिनला ओटीपी लागतो. तो जातो त्या पदवीधर गुरुजींच्या मोबाइलवर, जे याच तक्त्यात अतिरिक्त ठरून दोडामार्ग तालुक्यात रुजू झाले आहेत. तिथल्या शाळेत रेंज नाही. ती मिळते वरच्या काजूच्या बागेत, आणि गुरुजी तिथे शनिवारी शाळा सुटल्यावरच जातात. ओटीपी दहा मिनिटं टिकतो.