पंचेचाळीस किलोंची खरखर
पनवेलसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी रेडिओग्राही, म्हणजे संदेश केवळ ऐकणारे यंत्र, पुन्हा चालू करणे हा असा व्यासंग आहे, की त्यात यंत्रापेक्षा सभोवतालचे जगच अधिक नादुरुस्त निघते. अमेरिकेच्या आरसीए कंपनीच्या ‘एआर-88’ या ग्राहीचे वजन सुमारे 45 किलो असून त्यात 14 व्हॉल्व्ह, अर्थात निर्वात नळ्या, असतात. त्याचे विद्युतभार साठवणारे कपॅसिटर कालांतराने गळके होतात, म्हणून ते बदलून, विद्युतदाब हवा तसा कमी-अधिक करणाऱ्या ‘व्हेरिअ‍ॅक’ रोहित्राने त्यास हळूहळू जागे करावे लागते (घरातील वडीलधाऱ्यांचे एवढे लाड क्वचितच होतात). 1933 च्या बिनतारी यंत्रविषयक कायद्याने अशी यंत्रे विनापरवाना बाळगण्यास मनाई केली होती. एवढे करून लघुलहरींचा पट्टा लावावा, तर बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवा 2020 च्या जानेवारीतच बंद झालेली असते आणि ऐकू येते ते शेजाऱ्यांच्या चार्जरांचे गुरगुरणे. दूरदेशीचे क्षीण संकेत टिपण्यासाठी घडवलेल्या त्या संवेदनक्षमतेमुळे सोसायटीच्या जिन्यातील एलईडी दिवा लागला की विझला, एवढे मात्र निःसंशय कळते.