पिकअपला दात नसतात

२०२५च्या सप्टेंबरात बीडच्या पदरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी पडल्या. १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली. तेव्हा रांगणारी पोरं आता स्वतःच्या पोरांना कडेवर घेऊन गाडी बघायला आली होती. आणि २२ तारखेला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. रेल्वेला हार घातले, फोटो निघाले, सगळं रीतसर झालं. पण पारावर खरी चर्चा रंगली ती दुसऱ्या बातमीची. कारण उघड आहे. रेल्वे कितीही झुकझुक करत आली तरी कांद्याची गोणी उचलायला वस्तीवर येत नाही. पिकअप येते.

पिकअप म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा बोलेरो. टाटाची योद्धा आहे, लेलँडचा दोस्त आहे, २००५ साली आलेला छोटा हत्ती तर गल्लीगल्लीत आहे. पण नुसतं 'पिकअप' म्हटलं की डोळ्यांसमोर तेच चौकोनी पांढरं तोंड येतं. कंपनी दीड-पावणेदोन टनांचा आकडा सांगते. आमच्याकडे त्या आकड्यापासून भरायला सुरुवात करतात. कड्याला कांदा, गेवराईची मोसंबी, धारूरच्या डोंगरातलं सीताफळ, नेकनूरच्या बाजाराला शेळ्या, उन्हाळ्यात पाण्याची टाकी, २०१९च्या दुष्काळात छावणीवर वैरण, आणि कायदा डोळे वटारून बघत असला तरी लग्नसराईत वऱ्हाड. हौदा एकच; वास तेवढे बदलत जातात.

माझ्या भाच्याला ती घ्यायची आहे. लायसन आहे, साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे २०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं, आणि तो निकाल भाच्याला पाठ आहे. प्रश्न एवढाच, नवी की जुनी. भाचा नवीच्या बाजूचा, दाजी जुनीच्या. मी शिकलेला, म्हणून मधला.

"मामा, तुम्हीच सांगा ह्यांना. कर उतरलाय, आता नाही घ्यायची तर कधी घ्यायची?"

दाजी सुपारी कातरत म्हणाले, "कर उतरलाय. रानातलं पाणी उतरलंय का?"

त्याच पंधरवड्यात सिंदफणेला पूर आला होता आणि आमची सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभी होती. यावर भाच्याकडं उत्तर नव्हतं. मग हिशोब मांडायचं ठरलं. हिशोब मांडायचं ठरतं तेव्हा आमच्या घरात निर्णय आधीच झालेला असतो. फक्त तो कुणाचा, ते कळायचं असतं.

जुन्या करासकट दहा लाखांना पडणारी गाडी नव्या करात ९ लाख २२ हजारांच्या आसपास येते. सव्वा लाख हातचे घातले आणि आठ लाख कर्ज काढलं, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, तर हप्ता बसतो साधारण १७,४०० रुपये. जुनी पाच लाखांची धरली, चार लाख कर्ज. पण फायनान्सवाल्याला जुन्या गाडीची भीती वाटते आणि त्या भीतीचे पैसे तो आपल्याकडून घेतो. व्याज १७ टक्के धरलं आणि मुदत तीन वर्षं, तर हप्ता १४,२५० च्या पुढं. कर्ज निम्मं, पण हप्त्यात फरक जेमतेम तीन हजारांचा! भाच्याचा चेहरा फुलला. दाजींनी कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

"पण हे तीन वर्षांत मरतंय. ते पाच वर्षं जगतंय."

मला विचाराल तर खरी अडचण हप्त्याच्या आकड्यात नाहीच, तो दर महिन्याला येतो यात आहे. महिना हे पगारदारांचं माप. आमच्या जिल्ह्यात पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या हातात दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाची उचल पडते. सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात काय द्यायचं ते देऊन मोकळं होतं. कापूस त्याच्या मर्जीनं फुटतो आणि व्यापाऱ्याच्या मर्जीनं विकला जातो. एप्रिल-मे महिन्यांत गाडीला पाण्याची टाकी आणि वऱ्हाड सोडलं तर फारसं भाडं नसतं. हप्त्याला मात्र मे महिना ठाऊकच नाही. नव्या गाडीचा त्रास तारीख सांगून येतो, जुनीचा न सांगता. आणि पावसाकडं डोळे लावून बसायची सवय असलेल्या माणसाला न सांगता येणाऱ्या त्रासाचं फारसं भय वाटत नाही. बँकेच्या माणसाला हे समजावून बघा.

याला उत्तरही आहे, आणि ते सीताफळाच्या पोटात आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला, पण मानांकनानं फळाचा स्वभाव बदलला नाही. डोळे उघडले की ते थांबत नाही. क्रेटी भरून गाडी निघाली आणि धारूरच्या घाटात तिनं क्लच सोडला, तर मिस्त्री येईपर्यंत निम्मा माल खाली बसतो. तेव्हा वाटतं, बँक परवडली.

पण दाजींचा कल जुनीकडंच, कारण त्यांना जुनं बघून घेता येतं. हयात बैलबाजारात गेली त्यांची. बैलाचा ओठ वर केला की झालं: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. विकणारा शिंगं घासून, रंगवून आणेल, कातडीला तेल लावेल, पण दातांचं काय करणार? पिकअपला दात नसतात ही त्यांची मोठी तक्रार. मीटर बघा म्हटलं तर म्हणाले, "ते फिरवता येतंय. दात फिरवता येत नाहीत."

म्हणून ते गाडीचे दात शोधत फिरले. एका ठिकाणी गेल्या गेल्या त्यांनी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला आणि आम्हाला खूण केली, चला. आपण यायच्या आधीच ती उठवून गरम करून ठेवली होती. गार इंजिन कसं चालू होतं ते आपल्याला दिसू नये म्हणून. दुसरीकडं इंजिन चालू ठेवून मोबिलऑइलचं झाकण काढायला लावलं, आतून धूर आला. तिसरी दिसायला नवरीसारखी, पण ते खाली वाकले आणि कमानीचे पाटे मोजायला लागले. कंपनीनं दिले त्याहून जास्त होते. "ही लई ओढलीय," एवढंच म्हणाले. चौथीचं पायपुसणं उचलून खालचा पत्रा नखानं खरवडला. पुराच्या वर्षात गाडी घेताना मातीचा वास घेतलेला बरा. विकणारा कौतुकानं बघत होता. माणूस आपल्यासारखाच आहे, हे त्याला कळलं असावं.

भाच्याची तऱ्हा वेगळी. तो आधी काच बघतो. जुन्या गाडीच्या काचेवर आधीच्या मालकाचा देव असतो. कोल्हापूरकडून आलेल्या गाडीवर जोतिबा, सोलापूरकडच्या गाडीवर सिद्धेश्वर. नवा मालक आधीच्या लेकरांची नावं खरवडून काढतो, मोबाइल नंबर पुसतो. देवाला मात्र कुणी हात लावत नाही. त्याच्या शेजारी जागा करून आपला वैजनाथ नाहीतर योगेश्वरी बसवायची. त्यामुळं जुनी गाडी दोन-दोन देवांच्या भरवशावर चालते आणि नवीला एकावरच भागवावं लागतं. विमा कंपनीनं याचा विचार करायला हरकत नाही.

एक मुद्दा मात्र बापलेकांनी न भांडता मान्य केला: गाडी घ्यायचीच जुनी, तर २०२०च्या एप्रिलच्या आधीची बघू. त्या महिन्यापासून बीएस सिक्स आलं. हवा स्वच्छ राहावी म्हणून आलं, ते योग्यच आहे, माझ्या छातीला त्याचं महत्त्व कळतं. पण नवीन गाडीत कुठला तरी सेन्सर रुसला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि फाट्यावरचा मिस्त्री पाना खाली ठेवून हात जोडतो. त्याला लॅपटॉप लागतो, लॅपटॉप शहरात असतो. बीएस फोर असेल तर तोच मिस्त्री झाडाखाली, विडी न विझवता, तासाभरात गाडी चालू करून देतो. मात्र आठ वर्षं उलटली की पासिंग दोन वर्षांचं सरून दरवर्षी येतं, हेही दाजींना सांगून ठेवलं. "बैलाला पण दरवर्षी नाल मारतोच की," ते म्हणाले.

शेवटी मिळाली २०१९ची, एकहाती, एमएच तेवीस पासिंगची. सौदा पाच हजारांवर अडला, तेव्हा दाजींनी खांद्यावरचा रुमाल काढून विकणाऱ्याच्या हातावर टाकला आणि बाजारात बोटं दाबून भाव सांगतात तसा सांगायला सुरुवात केली. विकणारा पोरगा विशीतला. आपला हात का धरलाय हे त्याला कळेना. घाबरून तीन हजारांनी खाली आला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा जुना बोजा उतरवला आणि नवा चढवला. चाकाखाली लिंबं, नारळ, पेढे. जुन्या गाडीचे पेढे नव्या गाडीच्या पेढ्यांपेक्षा आकारानं लहान असतात असं माझं निरीक्षण आहे, पण वाटावे लागतातच.

संध्याकाळी गाव बघायला आलं. कुणी म्हणालं महाग पडली, कुणी म्हणालं एवढे घातले तर थोडे अजून घालून नवीच घ्यायची होती. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. नवी घेतली असती तर हेच लोक म्हणाले असते, एवढा डोंगर डोक्यावर कशाला घेतला. शेजारचे अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, फाळका खाली पाडून बघितला, हौद्याची लांबी पावलांनी मोजली आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, नेकनूरच्या बाजाराला आपली म्हैस तेवढी न्यायचीय, भाड्याचं काय ते बघू, डिझेल मी टाकतो.